बिजेची कोर

"तुझी सून तबकाला हात लावणार असेल, तर मी पाटावरून उठलोच म्हणून समज, अक्का."

मुकुंदराव हे बोलला तेव्हा मनकर्णाबाईंनी नुकतंच निरांजन पेटवलं होतं. हैदराबादेतल्या मलकपेठेतलं अंगण, रांगोळी, रांगोळीवर पाट, पाटावर भाऊबिजेला आलेला धाकटा भाऊ. पश्चिमेला कडुलिंबाच्या शेंड्याशी बिजेची कोर. ती फार वेळ थांबत नाही.

दाराआड निर्मला उभी होती. मनकर्णाबाईंचा मुलगा गेला तेव्हापासून सुनेच्या कपाळाला कुंकू नव्हतं, हाताला निरांजन नव्हतं. तिला भाऊही नव्हता. भाऊ नसलेल्या बाईनं, आणि तिनंच, चंद्राला ओवाळायचं, ही घरची रीत. विधवेला तीही नाही.

चार दिवसांखाली हैदराबाद राज्य मोडलं. मुकुंदरावाचं दफ्तर मुंबई राज्यात गेलं. उद्या तो काचीगुड्याहून औरंगाबादची गाडी धरणार होता. मनकर्णाबाईंचे यजमान आत अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या औषधापासून राशनपर्यंत सगळं आजवर मुकुंदरावच बघायचा. आणि जाता जाता त्यानं निकाल लावून टाकला होता. निर्मलानं त्याच्याबरोबर यायचं. अंबरपेठेच्या शाळेत तिला मास्तरीण म्हणून घेतलं होतं.

"मास्तरकी फिस्तरकी नक्को. माझ्या घरी स्वयंपाकाला माणूस लागतं. ठेवून घेतो म्हणतोय, उपकार मान. नाही पाठवलीस, तर मला भाऊ म्हणू नकोस."

याला कडेवर घेऊन मनकर्णाबाईंनी हीच कोर दाखवली होती. मामा म्हण, मामा.

"निर्मला," त्यांनी हाक मारली. "ये पुढं. धर तबक."

"अक्का! विधवेच्या हातचं देव घेत नाही."

"घरात सत्तावीस बायका असून गुरूची बायको पळवली या चंद्रानं. तो कुणाचं सोवळं बघायला बसलाय?" मनकर्णाबाईंनी पदर खोचला. "आणि त्याची बदली होत नाही, मुकुंदा. शेजारच्या तेलुगू लेकरांचाही तो मामाच. हिचा भाऊ इथंच राहतो. हीही इथंच राहील."

निर्मलानं कोरीला ओवाळलं.

मुकुंदराव काही उठला नाही. म्हातारीचा हट्ट, सकाळपर्यंत उतरेल. त्यानं टोपी सारखी केली आणि कपाळ पुढं केलं.

"झालं मनासारखं? आण आता इकडं. पोरीचं सामान तेवढं बांधून ठेव."

मनकर्णाबाईंनी सुनेच्या हातून तबक घेतलं. वात सारली. पाटाला वळसा घालून त्या कडुलिंबापाशी गेल्या, पदर डोक्यावर घेतला आणि बुडत्या कोरीला ओवाळू लागल्या.