चेलोची प्रत

"तिकडे कुठे? ह्या खुर्चीवर बसा," आई म्हणाल्या आणि नवा चेलोवादक पेटी हातात धरून उभाच राहिला. ती खुर्ची जुन्या चेलोवादकाची होती आणि तो भिंतीपलीकडच्या खोलीत बसलेला होता.

लेकीला फ्लूट धरता येऊ लागल्यापासून त्रिकूट घरातल्या घरातच होतं. पियानोवर आई, चेलोवर बाबा. आठ महिन्यांपूर्वी बाबांना झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. काठी टेकत चार पावलं चालता यायचं, पण चालून जायचं कुठे? आता तालीम सुरू झाली की आतल्या दाराची कडी तेवढी वाजायची.

"डाव्या हाताने रोज चार ओळी लिहायला लावा म्हणाले डॉक्टर," आई सांगत होत्या. "वही आणून दिली. कोरी ती कोरीच. पेन्सिलसुद्धा कुठे हरवून बसलेत देव जाणे. बोलता येत नाही ते एक वेळ सोसेन मी, पण माणूस मनाने उठून गेलाय हो."

महिन्याभराने होणारा कार्यक्रम त्यांनी त्यासाठीच घेतला होता. घरात पुन्हा तीन वाद्यं वाजली तर ह्यांना जाग येईल, एवढीच आशा. नाहीच आली, तर पियानोवर चादर घालायची, असं त्यांनी लेकीला बजावून ठेवलं होतं.

नवा खुर्चीच्या अगदी कडेवर बसायचा. दुसऱ्याच दिवशी लेकीने त्याला नाव ठेवलं, 'पाहुणे'.

बिचारा वाईट वाजवत नव्हता. इतकी वर्षं मोठ्या वाद्यवृंदात शेवटच्या रांगेत काढलेली. तिथे एकाचं चुकलं तर दहाजण झाकून घेतात. इथे झाकायला कोण? पहिल्या दोन तालमी नुसती पळापळ झाली. आयत्या बिळावर नागोबा, असं तो स्वतःलाच म्हणाला आणि चेलोच्या स्वरलिपीच्या प्रतीत डोकं खुपसून बसला.

प्रत बाबांचीच होती, कोपरे दुमडलेली, घरातल्या स्टँडवरच राहणारी. कुठलं बोट कुठे ठेवायचं त्याचे बारीक आकडे त्यांनी जागोजाग घातलेले, मोत्यासारखे. आणि मधूनमधून शब्द. ते मात्र मुंग्या चालल्यासारखे. कलावंत माणूस, अक्षर असंच असायचं, नव्याने मनात म्हटलं.

'इथे लेक घाई करते. ओढून धर.'

त्याने ओढून धरलं. फ्लूट मुकाट्याने तालात आली.

'इथे ही मनातल्या मनात मोजते. मान हलली की शिर.'

त्याने आईंच्या मानेकडे बघितलं. मान हलली, तो शिरला, आणि पियानो नि चेलो एका श्वासात निघाले.

"अरे वा, पाहुणे घर ओळखायला लागले!" लेक म्हणाली.

नव्याने सांगायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'अरे वा' म्हणालं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तो गप्प बसला.

दर तालमीला एखादी नवी ओळ सापडायची. काल ही कशी दिसली नाही, असं वाटून तो आपल्या डोळ्यांना बोल लावायचा. तिसऱ्या आठवड्यात, दुसऱ्या भागातल्या लांब सुरापाशी सापडली: 'तिला दम पुरत नाही. तुझा सूर लांबव, झाकून घे.'

त्याने सूर लांबवला. लेकीने त्याच्याआड श्वास घेतला आणि वाजवणं संपल्यावर त्याच्याकडे बघतच राहिली.

"गेल्या महिन्यातल्या खोकल्यापासून तिथे माझी दांडी उडतेय. मी आईलाही बोलले नव्हते. तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज," नवा पुटपुटला. त्याचे कान तापले.

आई आतल्या दाराकडे बघत होत्या. दार बंदच होतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तो नवे बूट घालून आला, पायाला सरावावेत म्हणून. त्याला टाचेने ताल धरायची खोड. लाकडी जमिनीवर अशी टकटक झाली की आईंनी हातच थांबवले. "घोड्यावरून आलात का पाहुणे?" सगळे हसले, तोही हसला, आणि दोन ओळींनंतर टाच पुन्हा सुरू झाली.

रात्री त्याला झोप लागली नाही. बुटांचं काही नव्हतं. फुकटचं श्रेय पचत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, निघण्याआधी एकदा वाजवून बघायला जमले, तेव्हा त्याने चेलो पेटीतून काढलाच नाही.

"आई, एक सांगायचंय. तुम्ही वाखाणता ते माझं नाही. घाई, मान, दम, सगळं बाबांनी प्रतीत लिहून ठेवलंय. मी नुसतं वाचतो."

"काहीतरीच!" आई म्हणाल्या. "हे प्रतीत आकड्यांपलीकडे कधी काही लिहीत नसत. मी एकदा एक शब्द लिहिला, तर दोन दिवस धुसफुसत होते."

"मग हे कुणी लिहिलं?" नव्याने पहिलं पान उघडून प्रत त्यांच्यापुढे धरली.

आईंनी चष्मा लावला. लेक त्यांच्या खांद्यावरून वाकली. पानाच्या माथ्यावर, काल रिकाम्या असलेल्या जागेत, वेड्यावाकड्या अक्षरांत एक ओळ होती. आईंनी ती एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचली:

'पाहुण्या, संध्याकाळी जुने बूट घाल. भिंतीपलीकडे नुसती टाच ऐकू येते.'