ओळख दाखवायची नाही

"बंद आहे," गल्ल्यामागचा कोटवाला मान वर न करताच म्हणाला.

"बाहेर तर 'चालू आहे' अशी पाटी लावलीय," आई म्हणाली आणि आत आली.

आता त्याने मान वर केली. तिच्या कापडी पिशवीकडे बघितलं, झिजलेल्या चपलांकडे बघितलं, मग काचेतून बाहेर चौकात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाकडे बघितलं. घ्या! आई मनात म्हणाली. आता मला हाकलायला पोलीस बोलावतोय की काय हा?

एरवी तिने तिथल्या तिथे त्याची बिनपाण्याने केली असती. तिच्या जिभेला अख्खी गल्ली टरकून असायची. पण त्याच जिभेने लेकीची मागची नोकरी घालवली होती. बेकरीचा मालक लेकीवर खेकसला, म्हणून आई त्याला भर दुकानात नाही नाही ते सुनावून आली, आणि दुसऱ्याच दिवशी लेक घरी बसली. कितीतरी महिने आईशी धड बोलत नव्हती. आता कुठे या हॉटेलच्या स्वयंपाकघरात तिला काम मिळालं होतं.

पांढऱ्या टोपीतली लेक एकदा डोळे भरून बघायची, एवढाच आईचा हट्ट होता.

"बरं, एकदाच ये," लेकीने बजावलं होतं. "सकाळी, गर्दी व्हायच्या आत. गिऱ्हाईकासारखी बस, चहा पी आणि जा. दार उघडलं की मी दिसेन. पण ओळख दाखवायची नाही. इथे घरच्यांनी आलेलं चालत नाही. आणि काही झालं तरी, आई, काही म्हणजे काही झालं तरी, तोंड उघडायचं नाही."

"तुझी शपथ," आई म्हणाली होती.

खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या घालून ठेवलेल्या होत्या. कोणी पुढे येईना, तेव्हा आईनेच एक खाली उतरवली आणि स्वयंपाकघराच्या दारासमोर बसली.

दारातून एक एप्रनवाला बाहेर आला. दार त्याने पाठीमागे घट्ट ओढून घेतलं.

"काय पाहिजे?" जणू ती भीक मागायला आली होती.

"चहा द्या."

"चहा नाही."

"मग कॉफी."

"तीही नाही. गॅस संपलाय."

"निदान पाणी तरी आहे का, का तेही संपलं?" एवढं मात्र तिच्या तोंडून निसटलंच. तिने जीभ चावली.

एप्रनवाल्याने कोटवाल्याकडे पाहिलं. कोटवाला बाहेर बघत हळूच म्हणाला, "दे. तमाशा नको."

ग्लास शोधायला त्याने किती वेळ लावावा! हे कपाट उघड, ते कपाट उघड. मुद्दाम चाललंय सगळं, आईने ओळखलं. कंटाळून उठून जाईन असं वाटतंय यांना. शेवटी त्याने पाणी आणलं ते चहाच्या कपात, आणि कप टेबलावर आदळला. आपल्यासारख्यांना साधा ग्लासही नाही! तिला रडू यायला लागलं. रागाने येतं तसं.

कोटवाला खणामागून खण उपसत होता. कोट त्याला खांद्यात चांगलाच ढगळ होता. आई शिवणकाम करणारी; दुसरा कुठला दिवस असता तर त्यावरूनही चार शब्द ऐकवले असते. आज तिने पाण्याचा घोट घेतला आणि दाराकडे बघत राहिली. दार काही उघडेना.

इतक्यात आत धाडकन काहीतरी पडलं. पातेल्यांची चळत असावी. दोघेही पुरुष जागच्या जागी थिजले.

पुन्हा एकदा धाडकन.

एप्रनवाला आत धावला. काहीतरी दबकं आपटल्यासारखं झालं आणि एकदम शांतता. तो बाहेर आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही. एक पोरगी आहे. धांदरट. जरा समज दिली."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुर्ची मागे सरकली, कप कलंडला, आणि ती दारापाशी पोचलीसुद्धा. "समज दिली म्हणजे काय केलंत?"

"आत जायचं नाही." तो आडवा उभा राहिला. त्याचा एक हात एप्रनच्या खिशात होता.

तिचा पंजा दारावर होता. ढकललं की झालं. आत आवाज नाही, चाहूल नाही. पोरगी श्वास रोखून उभी असेल, आईला वाटलं. आई नको, आई नको, असं मनात घोकत असेल. पुन्हा माझ्यापायी हिची नोकरी जायची.

तिने हात खाली घेतला.

"पडतात हो भांडी," ती म्हणाली. इतक्या अजिजीने ती जन्मात कुणाशी बोलली नव्हती. "शिकेल हळूहळू. रागावू नका तिला."

"नाही रागावत," एप्रनवाला पहिल्यांदाच हसला. "तुम्ही निघा."

आई निघाली. चौकात पोलिसाने तिच्यासाठी हात वर करून गाड्या थांबवल्या. त्या हॉटेलात माणसाला माणूस समजत नाहीत हो, हे अगदी ओठांवर आलं होतं; तेही तिने गिळलं आणि रस्ता ओलांडला. डोळे वाहत होते, पण छाती फुगली होती. जमलं! एकदाचं जमलं गप्प बसायला.

आत फरशीवर, हातपाय बांधलेल्या मालकाच्या आणि आचाऱ्याच्या शेजारी, तोंडात फडकं कोंबलेली लेक दाराकडे डोळे लावून पडली होती. आईचा आवाज तिने ओळखला होता, आणि आपली आई काही झालं तरी गप्प बसून निघून जाणारी नाही, याची तिला पक्की खात्री होती.