तळव्यावरची पट्टी

“आण बघू हात,” नवरा म्हणाला.

बायकोने डाव्या हाताने उजवा हात उचलून टेबलावर ठेवला. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या हाताची मूठ वळली होती, ती वळलेलीच. नवऱ्याने हळूच हातमोजा काढून घेतला, उलटा केला आणि तळव्यावरच्या पट्टीला मोजायची टेप लावली.

“पुन्हा वाढली! अगं, या आठवड्यात चांगली बोटभर लांबलीय.”

“मी म्हणत नव्हते?”

मोज्यांच्या कारखान्यात नमुने तयार करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. टाच जाड, घोटा घट्ट, पावलावर जाळी. एकाच कापडात जागोजागी वेगळा स्वभाव विणायचा, यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. तीच सगळी विद्या त्याने या हातमोज्यात ओतली होती. मनगटाशी दाट वीण, हाताला आधार म्हणून. वर जाळी, घाम धरू नये म्हणून. बोटांच्या पाठीवर रबरी धागा, बोटांना मागे खेचायला. आणि तळव्यावर ही पट्टी, एकदा ताणली की पुन्हा न आखडणाऱ्या धाग्याची. बोटं उघडली की पट्टी लांबणार. दर रविवारी ती मोजायची आणि पुढचा हातमोजा आणखी घट्ट विणायचा.

“पण माझ्यासमोर का नाही उघडत गं ही बोटं?”

“लाजतात मेली. तुम्ही कामावर गेलात की उघडतात.”

तो हसला. ते हसू बघायला ती काय वाटेल ते करायला तयार होती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी चपला घालता घालता सांगितलं होतं, हा हात आता सुटायचा नाही, उगाच येत राहण्यात अर्थ नाही. त्यानंतर याने जेवण टाकलं, काम टाकलं. दाढी वाढवून भिंतीकडे बघत बसायचा. एकदा म्हणाला, “तुझ्याआधी मी गेलो तर सुटेन.” तेव्हा तिला हातापेक्षा त्याचीच भीती वाटली होती. मग कधीतरी त्याला हा हातमोजा सुचला आणि माणूस पुन्हा दाढी करून कामावर जाऊ लागला.

“हे काय?” त्याने तिचा डावा अंगठा धरला. त्यावर लालभडक वळ होता, मधोमध कातडी फाटलेली.

“भाजी चिरताना लागलं.”

“सुरी डाव्या हातात आणि कापला डावाच अंगठा?”

“त्या हाताला कुठे सवय आहे? कळतंय का त्याला काही?”

वळावर त्याने आपला अंगठा ठेवला, मग उठून मलम आणलं आणि लावून दिलं.

दोन दिवसांनी नवा हातमोजा आला.

“या वेळी कडेला थोडा जाड भाग घातलाय,” तो म्हणाला.

“तो कशाला?”

“पट्टीवर ताण वाढतोय ना आता. कड उसवायला नको.”

त्याने स्वतःच एकेक बोट आत सरकवलं, मनगटाशी नीट बसवला. पोटभर जेवला. दारातून वळून म्हणाला, “घाई करू नकोस. होईल हळूहळू.”

दार लागलं. सायकलचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला, मग विरला.

तिने दातांनी हातमोजा ओढून काढला. एक टोक गुडघ्याखाली दाबलं, रोज दाबायची तसंच. पट्टीची कड डाव्या अंगठ्यात अडकवली. उजव्या हाताचं एकही बोट आजवर आपणहून तसूभर हललं नव्हतं, आणि हलणार नव्हतं, हे तिला बाईंच्याही आधी कळलं होतं. डोळे मिटून, दात आवळून तिने जीव खाऊन पट्टी ओढली.

धागा रुतला नाही.

तिने डोळे उघडले. कडेच्या जाड भागात दुहेरी मऊ लोकर होती आणि तिच्यात एक खोबण विणलेली होती, नेमकी तिच्या डाव्या अंगठ्याच्या मापाची.