उलटा पाय

हर्षालीनं नकली पाय काढून पडवीच्या भिंतीला टेकवला, तशी शकूनं झटकन लेकीच्या, माधुरीच्या डोळ्यांवर हात ठेवला.

गुडघ्याच्या जागी चक्क पाऊल होतं! तेही उलटं, टाच पुढं अन् बोटं मागं.

"अगो बाय!" शकूच्या तोंडून निघालंच. ही किन्हवलीची पोर आत्ताच तर बांधावरून तुरुतुरु चालत आली. तेव्हा कुणाला शंका तरी आली होती का?

दहा वर्षांच्या माधुरीच्या गुडघ्याशी हाडाची वाईट गाठ होती. डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या होत्या. पाय मांडीतून कापायचा. नाहीतर आत धातूचा गुडघा बसवायचा, पण मग धावणं-उड्या विसरायच्या, आणि पोर वाढेल तशी पुन्हा पुन्हा चिरफाड. नाहीतर गाठीचा भाग काढून खालचा पाय उलटा फिरवून वर जोडायचा, म्हणजे घोटाच गुडघ्याचं काम करतो. सोमवारी सही करायची होती. तिसऱ्या वाटेचं नाव काढलं की शकूच्या अंगावर काटा यायचा. म्हणून तर डॉक्टरांनीच, हेच ऑपरेशन झालेल्या हर्षालीला धाडलं होतं.

"उलट्या पायाची हडळ म्हनतील गो माझ्या पोरीला."

"मला पन म्हनले, मावशी." हर्षाली खांब धरून एका पायावर उभी राहिली. "मी बोलले, मंग हडळीला लोकलचा पास कशाला लागतो? रोज आसनगावहून वाशिंदला कामाला जाते मी. पुलाचा जिना चढून."

शकूला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात माधुरीनं आईचा हात ओढून काढला. सरपटत पुढं झाली, त्या पावलाकडं टक लावून बघत राहिली आणि तळव्यावरून हळूच बोट फिरवलं.

"ए, गुदगुल्या नको गो!" हर्षाली खिदळली. पावलाची बोटं वळवळली.

"आये, खरा हाय गो पाय! मला असाच पायजे."

औषधांनी केस गेल्यापासून पोर आज पहिल्यांदा हसत होती. या हर्षालीचे उपकार कुठल्या जन्मी फेडायचे? शकू तिच्या पाया पडायला वाकली.

"मावशी, काय करता? मोठ्या तुमी!"

"गप ऱ्हा," शकू म्हणाली, आणि त्या उलट्या पावलाच्या बोटांना कपाळ लावायला हर्षालीच्या मागं गेली.