झाकणाच्या आतला ठसा
ताऱ्यांमधल्या ढगाइतका विरळ वायू पोलादी पेटीत भरायचा, त्यातून क्ष-किरण सोडायचे, किती गिळले गेले ते आलेखावर पाहायचं, एवढंच प्रयोगशाळेतलं तिचं काम. पण वायूत कार्बन नसतानाही आलेखात कार्बनच्या जागी नको तो खड्डा पडत होता. तीन दिवस डोकं खाजवून तिने पेटी उघडली. झाकणाच्या आत अंगठ्याचा ठसा होता. त्यातल्या त्वचेच्या तेलातूनच कार्बन सुटत होता. ही पेटी घडवणारे, हातमोजे विसरणाऱ्याला फैलावर घेणारे फिटरकाका गेल्याच महिन्यात निवृत्त झाले होते. तिने त्यांना फोन लावला. "काका, झाकणाला कुणाचा अंगठा लागलाय?" "माझाच गं. शेवटच्या दिवशी हातमोजा काढला. तीस वर्षांत पेटीला उघड्या हाताने कधी शिवलो नव्हतो." "पुसावा लागेल." "पूस की. स्पिरिटने दोनदा पूस." ते घुटमळले. "पण खरं सांग, आलेखात दिसलो ना मी?"