लार्कफील्डची चाळीस घरं

"पक्षाने लार्कफील्डमधलं काम बंद करायचं ठरवलंय, डोरीन," मोघे डॉक्टरांनी तिच्या दारात बूट काढता काढताच सांगून टाकलं. एडमंटन शहरातून निघाल्यापासून दोन तास हे वाक्य त्यांच्या तोंडात घोळत होतं. आत जाऊन बसेपर्यंत धीर टिकला नसता.

या गावच्या छोट्या हॉस्पिटलात डॉक्टर आणि नर्स डोरीन यांनी एकोणतीस वर्षं एकत्र काढली होती. आता दोघंही निवृत्त, आणि गावची इमर्जन्सी रात्री बंद. गेल्या फेब्रुवारीत डोरीनच्या नवऱ्याच्या, वॉल्टच्या छातीत रात्री दुखायला लागलं आणि शहराकडे नेताना तो वाटेतच गेला. रात्रीची इमर्जन्सी पुन्हा सुरू करू, असं हा नवा पक्ष म्हणत होता. डोरीन तेवढ्यासाठीच पक्षात आली. एरवी राजकारणाशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं.

"म्हणजे आता सगळा जोर शहरात?" तिने दोघांना टेबलाशी बसवत विचारलं.

"हो," नंदन म्हणाला. हा डॉक्टरांबरोबर आलेला त्यांचा पुतण्या, पक्षाचा संघटक. सहा वर्षांपूर्वी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलेला. "काल कमिटीत मतदान झालं. नऊ विरुद्ध एक."

तो एक कोण, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही.

"गावं अजून तयार नाहीत," नंदन पुढे म्हणाला. "नोव्हेंबरमध्ये मायनस अठरात आम्ही इथली चाळीस घरं केली. सगळे गोड बोलले, पण पाठिंब्याच्या कागदावर एकाची सही नाही. शहरात एका दुपारी दोनशे मिळतात. नव्या पक्षाने आधी कुठे उभं राहायचं, तुम्हीच सांगा."

मुद्दा खोटा नव्हता. गावातला माणूस एकदा आपला झाला की जन्मभर सोडत नाही, असं सांगत डॉक्टर कमिटीत तासभर भांडले होते. पण कोरा कागद समोर ठेवल्यावर काय डोंबल भांडणार!

डोरीनने टेबलावरचा हात मागे घेतला. "डॉक, तुमची मुलं बसलीच नाहीत."

"म्हणजे?"

"मी घरोघर फोन करून ठेवले होते. प्रत्येकाने खायला काही ना काही केलं होतं. शेजारच्या एडनाने तर फ्रीजरमधल्या शेवटच्या बेरी काढून केक केला. आणि ही मुलं दारातूनच 'नो, नो, वी आर फाइन'! कॉफी नको, केक नको, पाणीसुद्धा नको. सही घ्यायची आणि पळायचं, असंच वाटलं सगळ्यांना. अशा माणसांना कोण सही देणार?"

नंदनचा चेहरा खर्रकन उतरला. तो काकांकडे वळून मराठीत म्हणाला, "काका, अहो, आम्ही उपाशी होतो! सकाळपासून पोटात काही नव्हतं. पण पहिल्यांदा विचारल्यावर लगेच हो कसं म्हणायचं? किती हावरट दिसतं ते. म्हटलं, परत विचारतील तेव्हा घेऊ. कोणी परत विचारलंच नाही! शेवटी पेट्रोल पंपावरचे शिळे मफिन खाल्ले सगळ्यांनी."

आता कपाळ बडवून घ्यायचं, नाही तर काय! सगळे कार्यकर्ते पुण्या-नागपूरचे. एकालाही ठाऊक नव्हतं की इथे एकदाच विचारतात. नको म्हटलं की नको, पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याच्या गळ्यात पडणं. डॉक्टरांना मात्र हे पक्कं ठाऊक होतं. त्यांची बायको वनिता नवी नवी आली तेव्हा अख्खा हिवाळा दारोदार 'नको नको' करत राहिली, आणि गाव तिला गर्विष्ठ समजत राहिलं. घरी येऊन रडायची बिचारी. तरीही पोरांना इकडे पाठवताना डॉक्टरांना हे सांगायचं सुचलं नाही. थर्मल घाला, विंटर टायर बघा, हे मात्र दहादा बजावलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी डोरीनला सगळं इंग्रजीतून समजावलं.

"भुकेली होती मुलं?" ती एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कमिटीला फोन कर," डॉक्टर नंदनला मराठीत म्हणाले. "चूक आपली होती म्हणून सांग."

"काका, ठराव झालाय. माणसं शहरात वाटून दिलीत. आणि सांगू काय? आपण केक खाल्ला नाही म्हणून लार्कफील्ड गेलं? हसतील मला."

"हसू देत की!"

डोरीनला मराठी कळत नव्हतं, पण कशावरून चाललंय ते कळलं असावं. ती नंदनकडे वळली.

"निवडणुकीआधी पुन्हा याल का तुम्ही?"

"नाही जमणार," नंदन खाली बघत म्हणाला. "सॉरी."

"बरं," डोरीन म्हणाली.

पोरगं मनाने मऊ होतं. डॉक्टरांनी त्याला चांगलं ओळखलं होतं. तिने आणखी एकदा विचारलं असतं, तर दुसऱ्यांदा नाही म्हणायला त्याची जीभ रेटली नसती. विचार गं बाई, फक्त एकदा विचार, असं मनातल्या मनात म्हणत डॉक्टर खुर्चीत तसेच बसून राहिले.

डोरीन उठली आणि दोघांचे कोट घेऊन आली.