टॉलिव्हरांच्या मळ्यावरची मोजणी

“एकोणीसच भरतात, काका,” लव्हीनिया म्हणाली. “तीनदा मोजले.”

हार्लन टॉलिव्हर खिडकीशी उभे होते. फाटकापासून घरापर्यंतच्या वाटेवर धूळ उठली होती. भरतीचा कॅप्टन यायचा होता, तो आलाच.

कायदा साधा होता. ज्याच्या मळ्यावर वीस गुलाम, त्या घरातल्या एका गोऱ्या पुरुषाला लढाईवर जाणं माफ. वीस म्हणजे वीस. आणि तीन दिवसांपूर्वी त्या विसांतला एनॉस पळाला होता, किनाऱ्याकडे, उत्तरेच्या निळ्या डगल्यांच्या फौजेकडे. एरवी काकांनी तासाभरात कुत्री सोडली असती. पण बोभाटा झाला की एक माणूस कमी झालं हे जगजाहीर होणार. म्हणून काका मूग गिळून बसले आणि एनॉसला वाट मोकळी मिळाली.

अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण अशी लढाई पेटली तेव्हा कोर्टाच्या पायऱ्यांवर सगळ्यात मोठा आवाज काकांचाच होता. आमची माणसं आमच्याकडून हिरावून घेणारे हे उत्तरेवाले कोण लागून गेले, वगैरे. टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या वाजवणारे निम्मे आता मातीखाली होते, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरी एकही गुलाम नव्हता. काकांचा तो आवाज कुठल्या कुठे गेला होता.

लव्हीनियाला त्याचं काही वाटत नव्हतं. अठरा वर्षांची पोर, काकांशिवाय तिचं होतं कोण? बाप, म्हणजे काकांचा धाकटा भाऊ, तापाने गेला. आई बाळंतपणात सव्हाना शहरी वारली. काकांनीच तिला वाढवलं, पियानो शिकवला, डोळ्यांआड होऊ दिलं नाही. चांगल्या घरची मागणी आली तीही ‘अजून लहान आहे’ म्हणून परतवली. त्यांना ओढून नेलं तर ते परत येणार नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“आपल्या आयसमला रांगेत दोनदा मोजू द्या,” ती म्हणाली. “एकदा मोजला की घरामागून वळसा घालायचा, टोपी बदलायची, शेवटाला येऊन उभं राहायचं. कॅप्टनच्या लेखी सगळे सारखेच.”

“आणि पकडलं तर?”

“तर नेतील. तसंही नेणारच आहेत.”

काका कसनुसे हसले. “डोकं चालतं हो तुझं.”

स्वयंपाकीण केटूरा कॉफी घेऊन दारात उभी होती. कॉफी कसली, भाजलेल्या रताळ्याचा काढा. खरी कॉफी बघून दोन वर्षं झाली होती.

“ऐकलंस ना?” लव्हीनिया म्हणाली. “जा, आयसमला नीट समजावून सांग.”

“सांगते, बाईसाहेब.” पण ती हलेना. टक लावून बघत राहिली.

“माझ्या तोंडाला काय लागलंय?”

“काही नाही, बाईसाहेब.”

ही बाई लहानपणापासून अशीच बघत आलेली. लव्हीनियाला त्याचा मनस्वी राग यायचा.

कॅप्टन गॅडिसची डावी बाही रिकामी होती, टाचणीने खांद्याला टाचलेली. “मी हात देऊन आलो, टॉलिव्हर,” घोड्यावरून उतरत तो म्हणाला. “तुम्ही मात्र अंगाला झळ लागू देणार नाही असं दिसतंय.”

“कायद्याने माफी आहे मला.”

“बघू की. करा उभे.”

रांग लागली. लव्हीनिया ओसरीच्या पायरीवर काकांना खेटून उभी राहिली. कॅप्टनने खिशातून खडू काढला आणि मोजलेल्या प्रत्येकाच्या पाठीवर फुली मारू लागला. आयसमला आता थांबवणार कसं?

फीबीच्या कडेवर आठ दिवसांचं तान्हं होतं. कॅप्टन थबकला. “हेही धरायचं?”

“आई माझी, म्हणजे पोरही माझं,” काका म्हणाले. “बाप कोण ते कायदा विचारत नाही.”

“बरं. धरलं.” कॅप्टनने दुपट्यावर फुली ओढली.

सतरा, अठरा, एकोणीस. मग आयसम, दुसरी टोपी घालून, मान खाली घालून. कॅप्टनने त्याला खांद्याला धरून वळवलं.

“टोपी बदलली, सदरा राहिला,” तो म्हणाला. हसला मात्र नाही. “एकोणीस. चला टॉलिव्हर, सामान बांधा. दुपारच्या आगगाडीत बसवतो तुम्हाला.”

लव्हीनियाने काकांचा दंड घट्ट धरला. “काका, काहीतरी करा. काहीही करा, पण जाऊ नका.”

काकांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते समोरच्या शेताकडे बघत होते. मग त्यांनी केटूराकडे पाहिलं.

“मालक, नका,” केटूरा म्हणाली. ती रांग सोडून पुढे आली, गुडघ्यांवर बसली. “पाया पडते. एनॉसला मी शोधून आणते. मला विका, मारून टाका. एवढं नका करू.”

हिला काय झालं एकाएकी? लव्हीनियाला काही उमगेना. मालकाच्या जिवाशी खेळ चाललाय आणि ही कसली रडगाणी गातेय.

“गप्प बस, केटूरा,” ती खेकसली.

काकांनी दंडावरचा तिचा हात सोडवला. मग तिचं मनगट धरून तिला पायरीवरून खाली नेलं आणि आयसमच्या शेजारी उभं केलं.

“ही विसावी,” ते कॅप्टनला म्हणाले. “आई केटूरा.”